रस्त्यावरच्या आणीबाणीची तयारी उभ्या गाडीत कशी करावी

ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते. समोर अचानक अडथळा आला, तर तो दिसण्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारणतः एक ते दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधीच तीस-चाळीस मीटर रस्ता संपलेला असतो. इतक्या थोड्या अवधीत कोणी विचार करून निर्णय घेत नाही. हातापायांना जे आधीपासून ठाऊक असते तेच त्या क्षणी घडते, आणि जे ठाऊक नसते ते माहितीपुस्तिकेत कितीही स्पष्ट छापलेले असले तरी घडत नाही. म्हणूनच आणीबाणीची तयारी म्हणजे डिकीत ठेवायच्या वस्तूंची यादी, ही समजूत मला अपुरी वाटते. वस्तू लागतातच, पण ज्या माणसाने जॅक एकदाही लावून पाहिलेला नाही, त्याच्या डिकीतला जॅक हे केवळ वजन असते.

सुट्टीची एक दुपार

प्रारंभ बसण्याच्या जागेपासून करावा. ब्रेकचे पेडल तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट पुढे घ्यावी, मात्र छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर राखावे, कारण एअरबॅग डोळ्याची पापणी लवण्याच्या आत फुगते आणि तिच्या फार जवळ बसलेल्या माणसाला तिचाच जबर मार बसू शकतो. हात घड्याळातील नऊ आणि तीनच्या जागी असावेत. डोक्यामागच्या आधाराची वरची कड डोक्याच्या माथ्याइतकी उंच करावी. तो आधार मानेला विश्रांती देण्यासाठी नसून मागून धडक बसल्यावर मान मागे झटकली जाऊ नये यासाठी असतो, आणि तो खाली दाबून ठेवलेला असेल तर त्या कामाचा राहत नाही. सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटावरून न जाता कमरेच्या हाडांवरून गेला पाहिजे. निल्स बोलिन या अभियंत्याने व्हॉल्व्होसाठी तयार केलेला तीन बिंदूंवर बांधला जाणारा पट्टा १९५९ साली गाड्यांत आला. त्याची रचनाच धडकेचा जोर छातीचा पिंजरा आणि कंबर या बळकट हाडांवर वाटून देण्याची आहे. पट्टा काखेखालून घेतला की ही सारी रचना फुकट जाते.

त्यानंतर डोळे मिटून हात फिरवावा. चारही दिवे एकदम लुकलुकवणारे बटण, हॉर्न, वायपर, बॉनेट उघडण्याची कळ, सीटबेल्टचे बटण आणि दरवाजाची कडी या गोष्टी न पाहता सापडल्या पाहिजेत. ज्या गाडीत हँडब्रेकच्या दांड्याऐवजी बटण आहे, तिच्यात चालत्या गाडीत ते बटण ओढून धरून ठेवल्यास काय होते हे माहितीपुस्तिकेत वाचून घ्यावे. बहुतेक गाड्या अशा वेळी स्वतःहून ब्रेक लावू लागतात, परंतु हे अनेक मालकांना ठाऊकच नसते. बटण दाबून चालू होणारे इंजिन धावत्या गाडीत एका स्पर्शाने बंद होत नाही. त्यासाठी बटण काही सेकंद दाबून धरावे लागते किंवा लागोपाठ अनेकदा दाबावे लागते, आणि ही पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी असते. रिमोटची बॅटरी संपली तर त्याच्या पोटात दडलेली साधी किल्ली कशी काढायची आणि दरवाजावर तिचे छिद्र कोठे आहे, हेही त्याच दुपारी पाहून घ्यावे.

समोरच्या फलकावरील दिव्यांचा रंग महत्त्वाचा असतो. पिवळा दिवा लवकर लक्ष द्या असे सांगतो, तर लाल दिवा गाडी सुरक्षित जागी थांबवा असे सांगतो. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला असता ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ’ असा विचार करणे म्हणजे इंजिन हातचे घालवणे होय, कारण तेलाच्या पडद्याविना धातूवर धातू घासू लागला की काही मिनिटांतच कायमचे नुकसान होते.

आता चाक बदलण्याचा सराव. तो सपाट आणि कठीण जमिनीवर करावा. हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये, स्वयंचलित गिअरची असल्यास ‘पार्क’मध्ये ठेवावी, आणि जे चाक बदलायचे आहे त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला दगड किंवा लाकडी ठोकळा लावावा. जॅक लावण्यापूर्वीच नट अर्धा फेरा सैल करून घ्यावेत. चाक अधांतरी झाल्यावर ते पान्याबरोबरच फिरू लागते आणि जोर लावताना गाडी जॅकवरून घसरू शकते. जॅक लावण्याची जागा गाडीखालच्या कडेला खाचेने किंवा खुणेने दाखवलेली असते, आणि ती सोडून भलतीकडे जॅक लावल्यास पत्रा चेपतो. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग जाऊ देऊ नये. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवावे, म्हणजे जॅक निसटलाच तर गाडी त्या चाकावर टेकेल. नवे चाक बसवताना नट हाताने, समोरासमोरच्या जोड्यांनी आवळावेत, गाडी खाली उतरवल्यावर पान्याने पक्के करावेत आणि पन्नास ते शंभर किलोमीटर गेल्यावर पुन्हा तपासावेत.

मी हा सराव पहिल्यांदा केला तेव्हा नट पान्यावर उभे राहूनही हलले नाहीत, कारण गॅरेजमध्ये ते हवेच्या यंत्राने अतोनात आवळलेले होते. घराच्या आवारात ही गोष्ट कळली याचे मला आजही बरे वाटते. तेव्हापासून गाडीत लांब दांड्याचा पाना असतो, आणि चाके काढण्याचे कोणतेही काम झाले की मी नट एकदा स्वतः सैल करून पुन्हा आवळतो. काही गाड्यांना चोरीपासून बचाव म्हणून प्रत्येक चाकाला एक वेगळ्या आकाराचा नट असतो आणि तो उघडण्याचा छोटा साचा सोबत मिळतो. तो साचा हरवलेला असेल तर बाकीची सारी हत्यारे असून उपयोग नाही. अनेक नव्या गाड्यांत स्टेपनीच दिलेली नसते. तिच्या जागी पंक्चर बुजवणाऱ्या द्रवाची बाटली आणि छोटा पंप असतो. आपल्या गाडीत नेमके काय आहे हे अंधारात, पावसात कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. टायरची बाजूची भिंत फाटली असेल तर तो द्रव काही कामाचा नसतो. आकाराने लहान, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाहावी. ती बहुधा ताशी ८० किलोमीटर असते.

मोकळ्या मैदानात

दुसरा सराव मोकळ्या, निर्मनुष्य जागी करायचा आहे. सध्याच्या बहुसंख्य गाड्यांत चाके अडकू न देणारी ब्रेकप्रणाली, म्हणजे एबीएस असते, पण ती कशी लागते याचा अनुभव फार थोड्यांना असतो. १९७८ पासून ती प्रवासी गाड्यांत येऊ लागली, आणि आजही पूर्ण जोर लावल्यावर पेडल पायाखाली थरथरताच अनेक जण दचकून पाय उचलतात. ती थरथर हा बिघाड नसून प्रणाली काम करत असल्याची खूण आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाऊन ब्रेक सगळा जोर लावून दाबावा, दाबून धरावा आणि त्याच वेळी स्टिअरिंग हळूच वळवून गाडी वळते हे पाहावे. या प्रणालीचा खरा लाभ हाच आहे की पूर्ण ब्रेक लागलेला असतानाही गाडी अडथळ्याला वळसा घालू शकते. एबीएस नसलेल्या गाडीत मात्र चाके अडकून घसरू लागली की ब्रेक किंचित सोडून पुन्हा दाबावा लागतो, कारण अडकलेली चाके कोठेही वळवली तरी गाडी सरळच जाते.

याच मैदानावर आणखी एक गोष्ट डोळ्यांनी पाहून घ्यावी. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट न होता चौपट होते. चांगल्या टायरांची गाडी कोरड्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून सुमारे १२ ते १४ मीटरांत थांबते, तर १०० वरून तिला पन्नास मीटरांच्या आसपास जागा लागते, आणि प्रतिक्रियेच्या वेळेतले अंतर त्याखेरीज. हे एकदा पावलांनी मोजून पाहिले की पुढच्या गाडीपासून अंतर राखण्यासाठी वेगळा उपदेश लागत नाही. पुढची गाडी एखादा खांब ओलांडते तेव्हापासून आपण तो ओलांडेपर्यंत कोरड्या रस्त्यावर किमान दोन, शक्यतो तीन सेकंद मोजता आले पाहिजेत. ओल्या रस्त्यावर ही मोजणी दुप्पट करावी.

बिघाड होण्याआधीच पकडावा

टायर फुटण्याचे एक मोठे कारण कमी हवा हे असते. हवा कमी असलेल्या टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात वाकते, वाकण्याने तापते, आणि जास्त वेग, जास्त ओझे व तापलेला रस्ता यांची भर पडली की आतील थर सुटतात. म्हणून हवा महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी, टायर थंड असताना तपासावी. किती हवा भरायची याचा आकडा चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणामागे चिकटवलेला असतो. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. स्टेपनीची हवाही त्याच दिवशी पाहावी, कारण वर्षानुवर्षे न पाहिलेली स्टेपनी गरजेच्या दिवशी हमखास बसलेली निघते. टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की खाचांमधले छोटे उंचवटे पृष्ठभागाला टेकतात आणि तेथे टायरचे आयुष्य संपले असे समजावे. भिंतीवरील लांबलचक अक्षरांच्या शेवटी असलेले चार आकडे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. न वापरलेला टायरही वयाने कडक होतो; पाच वर्षांनंतर तो दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी शाबूत असली तरी वापरू नये.

ब्रेक ऑइलकडे सहसा कोणी पाहत नाही. हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. ‘डॉट ४’ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, परंतु ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी तीच हमी १५५ अंशांपर्यंत खाली येते. घाटाच्या लांबलचक उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवल्यास तापलेल्या ब्रेकजवळ हे ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे धरतात आणि पेडल स्पंजासारखे खाली जाते. ‘ब्रेक फेल झाला’ असे ज्याला आपण म्हणतो त्यातले काही प्रसंग या साध्या कारणाने घडलेले असतात. त्यावरचे उपाय दोन आहेत. बहुतेक उत्पादक सांगतात त्याप्रमाणे साधारणतः दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे, आणि उतार सुरू होण्यापूर्वीच खालच्या गिअरमध्ये येऊन वेग इंजिनाच्या साहाय्याने आवरावा. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून इंधन वाचवण्याचा प्रयत्न उतारावर कधीही करू नये.

कोणती वस्तू कोठे

वस्तूंची यादी छोटीच आहे: परावर्तक त्रिकोण, प्रत्येकासाठी चमकणारे जाकीट, विजेरी, जंपर केबल, टोइंगचा दोर व हुक, हातमोजे, प्रथमोपचार पेटी, पावडरचे छोटे अग्निशामक, पिण्याचे पाणी, कोरडे खाणे, पांघरूण, भरलेली पॉवर बँक, आणि काच फोडण्याचे व पट्टा कापण्याचे हत्यार. मात्र प्रत्येक वस्तू कोठे ठेवायची याला यादीपेक्षा अधिक महत्त्व आहे. काच फोडण्याचे हत्यार डिकीत असणे हे नसल्यासारखेच आहे. ते सीटबेल्टने बांधलेल्या चालकाच्या हाताला लागले पाहिजे. त्रिकोण आणि जाकीट सामानाच्या तळाशी नको, कारण वर्दळीच्या रस्त्याकडेला सारे सामान उपसत बसण्यासारखे धोक्याचे काही नाही. अग्निशामक त्याच्या ब्रॅकेटमध्ये पक्का बसवावा आणि दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना हे अधूनमधून पाहावे. मागच्या काचेजवळ जड वस्तू मोकळी ठेवू नये, कारण धडकेच्या क्षणी ती गाडीच्या मूळ वेगानेच पुढे येते.

काच फोडण्याच्या हत्याराबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. टेम्पर्ड काच कोपऱ्याजवळ टोकदार आघात झाल्यास तुकडे-तुकडे होऊन गळते, पण दोन थरांत पडदा असलेली लॅमिनेटेड काच तडकते आणि जागची हलत नाही. समोरची काच लॅमिनेटेडच असते, आणि अलीकडे काही गाड्यांच्या दरवाजांच्या काचाही तशा असतात. काचेच्या कोपऱ्यावर तिचा प्रकार कोरलेला असतो. आपल्या गाडीची कोणती काच फुटू शकते हे आजच पाहून ठेवावे.

मोबाइलमध्ये प्रवासाच्या भागाचा नकाशा उतरवून घ्यावा आणि महत्त्वाचे क्रमांक कागदावरही लिहून ठेवावेत. भारत आणि युरोपीय संघासह अनेक देशांत ११२ हा आणीबाणीचा क्रमांक चालतो.

धावत्या गाडीतले काही सेकंद

टायर फुटला की मोठा आवाज होतो, गाडी एका बाजूला ओढते आणि पाय आपसूक ब्रेककडे जातो. नेमके तेच करायचे नसते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडावा आणि वेग बराच उतरल्यावर मगच हलका ब्रेक लावत कडेला यावे. फुटलेल्या टायरवर जोराने ब्रेक लावल्यास गाडी गरकन फिरू शकते. टायर खराब झाला म्हणून हळहळू नये. रिमवर थोडे अंतर चालवून सुरक्षित जागी पोहोचणे हे वळणावर थांबण्यापेक्षा केव्हाही शहाणपणाचे आहे.

ब्रेक लागत नसेल तर पेडल जलद गतीने पुनःपुन्हा दाबावे, म्हणजे नळीत उरलेला दाब साचण्याची शक्यता असते. बहुतेक गाड्यांत ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असल्यामुळे दोन्ही एकदम निकामी होण्याचा प्रसंग विरळा. अनेकदा पेडल खूप खाली गेल्यावर, जादा जोर लावल्यावर थोडा ब्रेक लागतो. सोबत एकेक गिअर खाली आणावा आणि हँडब्रेक बेताबेताने ओढावा. तो एकदम खेचल्यास मागची चाके अडकतात. हॉर्न आणि दिवे चालू असावेत. धावत्या गाडीत किल्ली फिरवून काढू नये, कारण स्टिअरिंगला कुलूप लागते. चढाचा रस्ता, वाळू, झुडपे किंवा रस्त्याकडेच्या कठड्याला तिरपे घासत जाणे हे शेवटचे उपाय आहेत. समोरासमोर कशावर आदळण्यापेक्षा घासत थांबणे बरे.

अ‍ॅक्सिलरेटर अडकला तर कृती अगदी उलट असते. येथे ब्रेक वारंवार दाबायचा नसतो, कारण इंजिन पूर्ण जोराने धावत असताना ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात पोकळी पुन्हा तयार होत नाही आणि तीन-चार वेळा दाबल्यावर पेडल दगडासारखे होते. एकदाच, पूर्ण ताकदीने दाबून धरावे आणि गिअर न्यूट्रलमध्ये टाकावा. इंजिन प्रचंड गर्जना करील, करू द्यावे. गाडी थांबल्यावरच ते बंद करावे. या संकटाचे अगदी साधे कारण पुष्कळदा सरकलेली पायपुसणी हे असते, म्हणून एकावर एक पायपुसण्या टाकू नयेत आणि हुक लावलेले आहेत ना हे पाहावे.

साचलेल्या पाण्यावर स्टिअरिंग एकाएकी हलके झाले, तर टायर रस्ता सोडून पाण्याच्या थरावर तरंगत आहेत असे समजावे. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि टायर पुन्हा टेकेपर्यंत ब्रेक वा वळण काहीही करू नये. गाडी फिरू लागली तर जेथे जायचे आहे तिकडे नजर ठेवावी, कारण हात नजरेच्या मागे जातात. खांबाकडे टक लावून पाहणारा चालक बहुधा खांबावरच जातो.

बॉनेट वाऱ्याने उघडून काचेवर आले तर खाली वाकून फटीतून किंवा बाजूच्या काचेतून रस्ता पाहावा आणि संथपणे कडेला यावे.

थांबल्यानंतर

गाडी बंद पडली की ती शक्य तितकी रस्त्याबाहेर न्यावी, चारही दिवे लुकलुकते ठेवावेत आणि प्रवाशांना वाहतुकीच्या उलट बाजूच्या दरवाजाने उतरवून कठड्यापलीकडे न्यावे. सर्वांनी गाडीच्या पुढे उभे न राहता, वाहने ज्या दिशेने येत आहेत त्या बाजूला, पण रस्त्यापासून दूर उभे राहावे. मागून धडक बसल्यास उभी गाडी पुढेच फेकली जाते. त्रिकोण साधारण रस्त्यावर सुमारे ५० मीटर मागे आणि वेगवान रस्त्यावर त्याहून बराच मागे ठेवतात, परंतु तो हातात उघडून स्वतःपुढे धरत, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून जावे. काही देशांत द्रुतगती मार्गांवर त्रिकोण ठेवायला जाऊ नये असाच सल्ला दिला जातो. जेथे कडेला चालणेच जिवावर बेतेल तेथे तो मोह सोडावा.

इंजिन तापल्यास एसी बंद करून हीटर पूर्ण क्षमतेने लावावा, म्हणजे काही उष्णता आत ओढली जाते, आणि लगेच थांबावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. आतील द्रव दाबाखाली असल्याने शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, पण झाकण सैल होताच तो उसळून अंगावर येतो. किमान अर्धा तास वाट पाहावी.

उतरलेली बॅटरी दुसऱ्या गाडीवरून चालू करताना क्रम चुकवू नये. लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, दुसरे चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला. मग काळी केबल चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीत ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असू शकतो, एवढेच त्यामागचे कारण आहे. केबल काढताना हाच क्रम उलटा करावा.

बॉनेटमधून धूर येत असल्यास इंजिन बंद करून सर्वांना किमान तीस मीटर दूर न्यावे. बॉनेट पूर्ण उघडू नये, हवा मिळताच आग भडकते. छोटे अग्निशामक काही सेकंदांत रिकामे होते, म्हणून ते फक्त नुकत्याच लागलेल्या आगीसाठी किंवा बाहेर पडायला वाट करण्यासाठी आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या मोठ्या बॅटरीने पेट घेतला असेल तर ते वापरून पाहूही नये. अशी आग विझल्यासारखी वाटून काही तासांनीही पुन्हा पेटू शकते. अशा गाडीतील उच्च दाबाची वीज वाहणाऱ्या नारिंगी रंगाच्या तारांना कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये.

वाहत्या पाण्याचा अंदाज डोळ्यांना येत नाही. तीस सेंटिमीटर वाहते पाणी लहान गाडीला तरंगवू शकते आणि साठ सेंटिमीटर पाणी बहुतेक गाड्यांना वाहून नेते. पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करू नये. सिलिंडरमध्ये गेलेले पाणी दाबले जात नाही आणि आतील दांडे वाकतात. गाडी खोल पाण्यात पडलीच तर ती साधारणतः अर्धा ते एक मिनिट तरंगते, आणि तेवढाच वेळ हाती असतो. प्रथम पट्टे सोडावेत, मग काच खाली करावी किंवा फोडावी, मुलांना आधी बाहेर काढावे आणि स्वतः बाहेर पडावे. दरवाजा उघडण्यात वेळ घालवू नये. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तो उघडत नाही, आणि उघडलाच तर गाडी ताबडतोब भरते. फोन बाहेर पडल्यावर करावा.

दोन प्रसंग क्वचित येतात, पण त्यांत सहजबुद्धी दगा देते. गाडीवर विजेची तार पडली तर आतच बसावे, मदतीला धावणाऱ्यांना किमान दहा मीटर दूर राहण्यास ओरडून सांगावे आणि आग लागल्याखेरीज उतरू नये. आग लागलीच तर गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता दोन्ही पाय जोडून उडी मारावी आणि पाय जमिनीवरून न उचलता, जोडूनच घासत दूर जावे. पाऊल लांब टाकल्यास दोन पायांखालच्या जमिनीतील विद्युतदाबाच्या फरकाने धक्का बसतो. रेल्वे फाटकात गाडी बंद पडली तर गाडीचा मोह न धरता सर्वांनी उतरावे, रुळांपासून दूर व्हावे आणि रेल्वे ज्या दिशेने येत असेल त्या दिशेकडे तिरपे जावे, कारण धडकेचे अवशेष रेल्वेच्या पुढच्या दिशेने उडतात.

जखमी माणूस

आधी स्वतःची सुरक्षितता पाहावी, अपघातग्रस्त गाडीचे इंजिन बंद करावे आणि मग फोन करावा. ठिकाण सांगताना रस्त्याचे नाव, जाण्याची दिशा आणि जवळच्या किलोमीटर दगडावरचा आकडा सांगावा. ‘मोठ्या झाडाजवळ’ या वर्णनाने रुग्णवाहिका पोहोचत नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून त्याच जागी जोराने आणि सतत दाबावे, दर मिनिटाला उचलून पाहू नये. आग किंवा पाण्याचा धोका नसेल तर जखमीला ओढून बाहेर काढू नये. मानेच्या दुखापतीत त्याने कायमचे अपंगत्व येऊ शकते. पाणी पाजू नये. श्वास बंद असल्यास जखमीला पाठीवर सपाट झोपवून छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. याचा सराव मात्र प्रशिक्षणातच करता येतो, आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने ते काही तास काढावेत असे माझे आग्रहाचे मत आहे.

चालकच आजारी पडला तर

सलग सतरा तास जागलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया थोडे मद्य प्यालेल्या माणसासारख्या मंदावतात. ताशी १०० किलोमीटरवर तीन सेकंदांची डुलकी म्हणजे त्र्याऐंशी मीटर चालकाविना धावलेली गाडी. खिडकी उघडणे किंवा गाणी मोठ्याने लावणे यांनी झोप जात नाही. दर दोन तासांनी थांबावे, आणि पेंग येत असेल तर कॉफी पिऊन लगेच पंधरा-वीस मिनिटे झोपावे, म्हणजे जाग येईपर्यंत कॉफीचा परिणाम सुरू झालेला असतो.

छातीत दुखणे किंवा अंधारी येणे जाणवताच घर गाठण्याचा विचार न करता थांबावे. तरीही चालक बेशुद्ध होण्याचा प्रसंग येऊ शकतो, आणि त्या वेळी शेजारी बसलेली व्यक्ती गाडी चालवू शकत नसली तरी पुष्कळ काही करू शकते. तिने एका हाताने स्टिअरिंग सरळ धरावे, दुसऱ्या हाताने गिअर न्यूट्रलमध्ये ढकलावा, चारही दिवे लावावेत आणि मग हँडब्रेक हळूहळू ओढावा किंवा त्याचे बटण ओढून धरावे. चालकाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर दाबलेला असला तरी न्यूट्रलमध्ये चाकांना जोर मिळत नाही. गाडी उभी असताना, इंजिन बंद ठेवून, घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला त्या सीटवर बसवून हा क्रम तीन-चार वेळा करून घ्यावा. मागे बसणाऱ्या मुलांनाही त्याच वेळी स्वतःचा पट्टा सोडायला आणि काच खाली करायला शिकवावे, आणि मागच्या दरवाजांचे बालकुलूप लावलेले आहे की नाही हे पाहून ते आतून उघडत नाहीत याची कल्पना सर्वांना द्यावी.